मॅडम डिमांड

नवऱ्याच्या ऑफिसातली भांडणं जेवणाच्या टेबलावर येऊन बसतात, हे मृणालिनी खांबेटेला नवीन नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने सिमेंटवरून झालेली भांडणं ऐकली होती, रंगाच्या छटेवरून झालेली ऐकली होती, एकदा तर साइटवरच्या संडासाच्या दाराची कडी आतून असावी की बाहेरून, यावर पंधरवडाभर चाललेला वादही ऐकला होता. पण या वेळचं भांडण एका शब्दावरून होतं, आणि तो शब्द तिला नवऱ्यापेक्षा चांगला माहीत होता. म्हणून तिचा वैताग दुप्पट होता.

सदानंद एका भारतीय बांधकाम कंपनीत क्वालिटी मॅनेजर होता. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती, पण कतारमध्ये तो रोज उद्यावर असल्यासारखी धावपळ होती. मोठी स्टेडियमं मोठ्या कंपन्यांकडे गेली. सदानंदच्या कंपनीला उत्तरेला मदिनत अश शमालजवळ एक सरावाचं मैदान मिळालं होतं. मैदानाच्या एका बाजूला प्रेक्षकांसाठी बैठकी आणि त्यावर लोखंडी छप्पर. काम लहान, पण सदानंदला त्याचा अभिमान मोठा. रोज पहाटे दोह्यातून निघून तासभर गाडी हाणत तो तिकडे जायचा आणि संध्याकाळी डोक्यात राख घालून परत यायचा.

राख घालायचं काम लुसील नावाची एक फ्रेंच बाई करत होती. ती सल्लागार कंपनीची इंजिनिअर. सदानंदच्या माणसांनी केलेलं काम तपासायचं आणि पास करायचं, हा तिचा अधिकार. तिच्या प्रत्येक ईमेलची सुरुवात ठरलेली असायची. आय डिमांड द ड्रॉइंग. आय डिमांड द टेस्ट रिपोर्ट. आय डिमांड इफ द पेंट इज ड्राय. साइटवर तिचं नाव मॅडम डिमांड पडलं होतं, आणि ते कोणी पाडलं हे मृणालिनीला न सांगताच कळत होतं.

"डिमांड!" सदानंद पोळीचा तुकडा हवेत धरून म्हणायचा. "मी काय हिच्या घरी कामाला आहे? तीस वर्षं झाली मला या लाइनीत. प्लीज नाही, काइंडली नाही, सरळ डिमांड!"

"अरे, ती डिमांड करत नाहीये," मृणालिनीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "ती विचारतेय. फ्रेंचमध्ये 'दमांदे' म्हणजे विचारणे. साधं, सभ्य विचारणे. रस्ता विचारायचा तरी हेच क्रियापद. तोच शब्द ती उचलून इंग्रजीत ठेवते."

"इंग्रजीत लिहितेय ना? मग इंग्रजी अर्थच धरणार मी."

"पण तिच्या मनात काय आहे ते..."

"मनातलं बघायला मी ज्योतिषी आहे का? जरा वरण वाढ."

मृणालिनीने वरण वाढलं. पुण्यात असताना सहा वर्षं तिने कॉलेजात फ्रेंच शिकवलं होतं. अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेणाऱ्या मुलांच्या डोक्यात तिने हेच घातलं होतं, की दोन भाषांतले सारखे दिसणारे शब्द बघून हुरळून जाऊ नका, ते जुळे दिसतात पण वाढलेले वेगवेगळ्या घरात असतात. मुलं तरी परीक्षेपुरतं लक्षात ठेवायची. कतारला आल्यावर नोकरी सुटली, गार्गी झाली, आणि फ्रेंच आपलं कपाटातल्या पैठणीसारखं घडी घालून राहिलं. सदानंदला ते माहीत होतं, म्हणजे आपल्या बायकोला चष्म्याचा नंबर आहे हे जसं नवऱ्याला माहीत असतं तसं.

तिने आणखी एकदा प्रयत्न केला. सुट्टीच्या दिवशी, तो चहा पिऊन जरा शांत असताना.

"हे बघ, मूळ शब्द लॅटिन. त्याचा अर्थ होता एखादी गोष्ट दुसऱ्याच्या हातात देणे, सोपवणे. त्याचंच पुढे फ्रान्समध्ये 'विचारणे, मागणे' झालं. मग फ्रेंच बोलणारे लोक इंग्लंडचे राजे झाले, कोर्टकचेऱ्यांत त्यांचीच भाषा चालायची. तिथे जो तो आपला हक्क मागायला उभा राहायचा. म्हणून इंग्रजीत तो शब्द हक्काचा, दमदाटीचा झाला. फ्रान्समध्ये मात्र तो घरातला घरातच राहिला, मवाळ."

सदानंदने ऐकलं. पूर्ण ऐकलं, हे खरं. मग म्हणाला, "म्हणजे ती स्वतःला कोर्टच समजते."

बारावीतली गार्गी सोफ्यावरून मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, जस्ट गिव्ह अप."

तो सल्ला मृणालिनीने मानलाही असता. पण नोव्हेंबरात प्रकरण हाताबाहेर गेलं.

झालं असं, की साइटवरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर लुसील सदानंदकडे वळून म्हणाली, "मिस्टर खांबेटे, आफ्टर द मीटिंग, आय डिमांड यू वन थिंग." सदानंद ताडकन उठला. "मॅडम, यू आर नोबडी टू डिमांड एनिथिंग फ्रॉम मी," म्हणाला आणि फाइल उचलून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी लुसीलने छपराचं काम थांबवलं. छपराखाली कुणी फिरायचंसुद्धा नाही, असा हुकूम. कारण एवढंच, की मिस्टर खांबेटे यांच्याशी बोलणं बाकी आहे. सदानंदचं म्हणणं, आधी तिने शब्द मागे घ्यावा. तिचं म्हणणं, आधी त्यांनी ऐकून घ्यावं. लोखंड उन्हात पडून, क्रेन उभी, माणसं सावलीत बसून, आणि दोन्ही कंपन्यांचे साहेब एकमेकांना फोन करून म्हणतायत, इन्शाल्ला दोन दिवसांत मिटेल.

"पण तिला विचारायचं काय होतं?" मृणालिनीने विचारलं.

"मला काय माहीत?"

"तू विचारलं नाहीस?"

"मी कशाला विचारू? डिमांड तिची आहे."

मृणालिनी स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा एकदा धुतली.

शेवटी वरच्या साहेबांनी तोडगा काढला. दोन्ही कंपन्यांच्या लोकांनी सहकुटुंब एकत्र जेवायचं, हसायचं, बोलायचं. जागा द पर्ल या कृत्रिम बेटावरची, पाण्याकाठची, जिथे लोकांच्या होड्या आपल्या गाड्यांपेक्षा चकचकीत असतात. सदानंदला जाणं भाग होतं. गाडी पार्क करताना त्याने बायकोला बजावलं, "ती समोर आली तर नुसतं हॅलो. बाकी काही नाही. तुझं ते फ्रेंच बिंच काढू नकोस."

चोवीस वर्षांत मृणालिनीने नवऱ्याचं बरंच ऐकलं होतं. या वाक्याने मात्र तिच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. फ्रेंच बिंच! बी.ए., एम.ए., सहा वर्षांची नोकरी, आणि त्याला बिंच! तिने गाडीचं दार लावलं. आत गेली, सगळ्यांना नमस्कार-चमत्कार केले, आणि गोडाच्या टेबलापाशी निळा स्कार्फ घातलेली, आखूड पांढऱ्या केसांची, एकटीच उभी असलेली बाई दिसली तशी सरळ तिच्याकडे चालत गेली.

"बोंस्वार, मादाम," ती म्हणाली.

पुढची काही वाक्यं बोलताना तिला घाम फुटला. क्रियापदं लपून बसली, पुल्लिंग-स्त्रीलिंगाची गल्लत झाली. पण लुसीलचा चेहरा असा उजळला, की मृणालिनीला हायसं वाटलं. मग तीही सैल झाली. पुणं कुठे आहे, लुसीलच्या गावी लिओंला थंडी किती पडते, कतारमध्ये बरा ब्रेड कुठे मिळतो, अशा गप्पा निघाल्या. बाई हसरी होती, कानावर आलेलं सगळं ऐकून घेणारी होती. घरातल्या टेबलावर वर्णन झालेली राक्षसीण ही नव्हेच.

धीर करून मृणालिनीने मुद्दा काढला. मी सदानंद खांबेटेंची पत्नी. तुमच्या त्या एका शब्दामुळे गैरसमज झालाय. इंग्रजीत डिमांड म्हणजे विचारणे नव्हे, तर दरडावून मागणे. तुम्ही त्याऐवजी आस्क लिहिलंत तर...

लुसीलचा चेहरा मिटला.

"मादाम, मी पंधरा वर्षं इंग्रजीत काम करते आहे."

"हो, पण..."

"आणि शब्द कुणाचा? आमचा. इंग्रजांनी आमच्याकडून नेला आणि बिघडवला. आता त्यांनी बिघडवलेला अर्थ मी लक्षात ठेवायचा? मी तर किती मऊ शब्द वापरते. इंग्रजांचा आस्क ऐका, दारावर लाथ मारल्यासारखा वाटतो."

मृणालिनीने डोळे मिटले. म्हणजे हीसुद्धा सदानंदच! फक्त निळ्या स्कार्फमधला. दोघांनाही आपापल्या शब्दकोशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि मध्ये मी उभी, हातात गुलाबजाम घेऊन.

"बरं," ती त्रासून म्हणाली, "शब्द राहू द्या. तुम्हाला त्यांना विचारायचं काय होतं?"

लुसीलने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला खात्री नाही. नुसती शंका आहे. लेखी विचारलं असतं तर ते वरपर्यंत गेलं असतं, आणि तुमच्या पतींची नोकरी धोक्यात आली असती. चुकीच्या शंकेसाठी माणसाचं नुकसान कशाला? म्हणून एकट्यात विचारायचं होतं. ते ऐकेनात. मग निदान त्या छपराखाली कुणी उभं राहू नये एवढं मी केलं."

मृणालिनीने हातातला गुलाबजाम टेबलावर ठेवला. महिनाभर जिला आपण टेबलावर रोज चिरत होतो, ती बाई आपलं घर सांभाळत होती.

तिने वळून हाक मारली, "सदानंद! इकडे ये."

तो आला, छाती काढूनच आला. "येस मॅडम," त्याने सुरुवात केली, "ॲज पर द प्रोसीजर..."

"थांब," मृणालिनी म्हणाली. "इंग्रजी नको. एक शब्दही नको. तू मराठीत बोल, त्या फ्रेंचमध्ये बोलतील. मध्ये मी आहे."

"मृणाल, इथे सगळे बघतायत."

"बघू देत."

लुसील बोलली. मृणालिनीने मराठीत सांगितलं, "त्या म्हणतायत, तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये, पण एक विचारू का?"

सदानंद गडबडला. असं कुणी विचारलं की नाही कसं म्हणणार?

"विचारा ना," तो म्हणाला.

लुसीलने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. तिने स्वतः शिडीवर चढून काढलेला. छपराच्या दोन तुळया जिथे जोडल्या जातात, तिथली बोल्टची रांग. "त्या विचारतायत," मृणालिनी सांगत गेली, "की बोल्टच्या डोक्यावर त्याच्या ताकदीचा आकडा कोरलेला असतो ना, तो इथे सगळीकडे दहा पॉइंट नऊ असायला हवा. पण या दोन बोल्टवर त्यांना आठ पॉइंट आठ दिसतोय. ऊन डोळ्यावर होतं, चुकलंही असेल. तुम्हाला काय वाटतं?"

सदानंदने फोटो दोन बोटांनी मोठा केला. पुन्हा मोठा केला. चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी नेला. मृणालिनीने त्याच्या मानेवर घाम फुटताना पाहिला. पाण्यावरून चांगला गार वारा येत होता.

"कुठली रांग आहे ही?"

"सातवी, पूर्वेकडची."

त्याने फोन परत दिला. "त्यांना सांग," तो म्हणाला, "उद्या सकाळी मी स्वतः बघतो. त्यांना यायचं असेल तर यावं." मग बायकोकडे वळून, "तूही चल."

परतीच्या वाटेवर गाडीत मात्र तो भडकला. इतक्या लोकांत बायकोने मला गप्प केलं, आता ऑफिसात काय तोंड दाखवू, वगैरे. मृणालिनीने ते एका सिग्नलपर्यंत ऐकून घेतलं.

"तोंड?" ती म्हणाली. "अरे, महिनाभर मी कानीकपाळी ओरडतेय की ती विचारतेय, विचारतेय, विचारतेय! एकदा तरी ऐकलंस? गुगलला विचारलं असतंस तरी त्याने सांगितलं असतं. घरात एक बाई आहे, तिने आयुष्याची दहा वर्षं या भाषेला दिलीयत, आणि तू तिला म्हणतोस, वरण वाढ. उद्या ते छप्पर कुणाच्या डोक्यावर आलं असतं, तर काय सांगणार होतास? तिने डिमांड म्हटलं म्हणून मी बघितलं नाही?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना, मागच्याने हॉर्न मारला, तेव्हा सदानंद भानावर आला.

शुक्रवार सुट्टीचा, पण सदानंदने सकाळीच संपतला फोन करून चार माणसं बोलावून घेतली होती. संपत हा लोखंड उभं करणाऱ्या टोळीचा मुकादम, मूळचा पारनेरकडचा. मृणालिनीला दोन नंबर मोठे सेफ्टी शूज आणि कानांवर येणारं हेल्मेट मिळालं. लुसील आधीच येऊन मैदानाच्या कडेला उभी होती. तिघांनी एकमेकांना बोंजूर, गुड मॉर्निंग, नमस्कार असं काय सुचेल ते केलं आणि वर पाहू लागले.

संपत पट्टा बांधून लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर गेला. बोल्टच्या डोक्यांवर रंग चढला होता. तारेच्या ब्रशने तो एकेक डोकं घासू लागला आणि वरून आकडा ओरडून सांगू लागला.

"दहा पॉइंट नऊ!"

पुन्हा घासल्याचा आवाज.

"दहा पॉइंट नऊ, साहेब! ह्ये बी दहा पॉइंट नऊ."

सदानंदचे खांदे जरा खाली आले. त्याने लुसीलकडे हळूच एक कटाक्ष टाकला. त्या कटाक्षात 'बघा' असं लिहिलेलं होतं, आणि मृणालिनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग वर ब्रश थांबला. संपतने वाकून पाहिलं, बोटाने धूळ पुसली.

"साहेब," तो म्हणाला, या वेळी न ओरडता, पण सकाळच्या शांततेत ते खाली स्पष्ट ऐकू आलं. "ह्ये आठ पॉइंट आठ हाय. ह्याच्या शेजारचं बी."

सदानंद जागेवरून हलला नाही. मग एकदम, "खाली घे तो पिंजरा," म्हणाला, पट्टा चढवला आणि स्वतः वर गेला. पन्नाशी उलटलेला, गुडघे दुखतात म्हणून घरी स्टुलावरही न चढणारा माणूस. त्या रांगेनंतर त्याने पुढची रांग घासली, मग त्याच्या पुढची. संपत ब्रश मागत होता, हा देत नव्हता. मृणालिनी खालून बघत होती. तिला राग धरून ठेवायचा होता, पण हात पोचत नव्हता.

तो खाली उतरला तेव्हा तोंडावर रंगाचा भुगा होता. घासलेल्या रांगांत चुकीचे बोल्ट तेवढ्या एकीतच होते. पुरवठादाराकडून आलेल्या एका खोक्यात दोन प्रकार मिसळले होते, आणि तपासणीच्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुणाच्या, म्हणजे सदानंदच्या.

तो लुसीलसमोर उभा राहिला. मराठीत म्हणाला, "तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं. हे मी आजच लेखी वर कळवतो, माझ्या नावाने. छप्पर पुरं तपासल्याशिवाय कुणी खाली जाणार नाही."

मृणालिनीने ते जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द मवाळ केला नाही.

लुसीलने मान हलवली. मग तिने सदानंदच्या खांद्यावरचा भुगा झटकला, जसा थोरल्या बहिणीने झटकावा, आणि म्हणाली, "त्यांना सांगा, वर चढताना मला भीती वाटली होती. त्यांना वाटली का?"

"पाय लटपटत होते म्हणावं," सदानंद म्हणाला.

तिथून अल रुवैस हे मासेमारीचं गाव जवळच. जुम्म्याची नमाज होऊन हॉटेलं उघडली, तेव्हा तिघं बंदराजवळच्या एका साध्या जागी तळलेली मासळी खायला बसले. सदानंद खांबेटे मासे खात नाही असं घरी समजलं जायचं. इथे त्याने दोन तुकडे खाल्ले आणि घरी सांगू नकोस असं बायकोलाच सांगितलं. समोर होड्या डुलत होत्या, सगळं कसं छान झालं होतं. आणि नेमकं तेव्हाच सदानंदला राहवेना.

"तिला एवढं सांग," तो म्हणाला, "की काही झालं तरी इंग्रजीत डिमांड म्हणजे डिमांड."

मृणालिनीने सांगितलं. लुसीलने काटा खाली ठेवला. "त्यांना सांगा, आमच्याकडे मुलगा मुलीला लग्नाचं विचारतो, त्यालाही हाच शब्द. तो काय मुलीला दमदाटी करतो?"

सदानंद विजयी मुद्रेने म्हणाला, "लग्नाचं? हे काहीतरीच!"

"काहीतरीच काय?" मृणालिनी म्हणाली. तिच्या संयमाचा पेला आता भरला होता. "आपण काय करतो? मागणी घालतो. आणि तुमच्या कामगारांच्या असतात त्या कुठल्या? मागण्या. देवापुढे हात जोडून करतो ते? मागणं. बाजारात कांद्याला असते ती? मागणी. एकाच शब्दात नवरा, मोर्चा, देव आणि कांदा, सगळे सुखाने नांदतात, आणि तुझी कधी तक्रार नव्हती. माझ्या वडिलांना तुझ्या घरून मागणी आली तेव्हा त्यांनी काय पोलिसांना बोलावलं होतं?"

हे सगळं तिला पुन्हा फ्रेंचमध्ये सांगावं लागलं. कांद्यापर्यंत येईतो लुसील हसून हसून लाल झाली होती. सदानंद हसला नाही. तो विचारात पडला होता, आणि त्याने विचारात पडून काय काढलं, तर म्हणाला, "मागणी आमच्याकडून नव्हती गेली. तुझ्या मामांनी आधी स्थळ सुचवलं होतं."

मृणालिनीने उरलेली मासळी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

बोल्ट बदलले, सगळं छप्पर पुन्हा तपासून झालं. सदानंदला वरून कडक पत्र आलं, पण नोकरी राहिली, कारण चूक त्याने स्वतःच कळवली होती. मीटिंगांना फ्रेंच जाणणारं माणूस हवं असं दोन्ही कंपन्यांना एकदम सुचलं. सदानंद तसा निरोप घेऊन घरी आला तेव्हा मृणालिनी म्हणाली, "निरोप नको. कंपनीला म्हणावं मला रीतसर नेमणुकीचं पत्र द्या." पत्र आलं. आठवड्यातून दोन दिवस ती उत्तरेला जाऊ लागली, आपल्या मापाचे सेफ्टी शूज घेऊन.

लुसीलने डिमांड लिहिणं सोडलं नाही. सदानंदने चिडणं सोडलं नाही. फरक एवढाच, की आता तो चिडायच्या आधी शेवटपर्यंत वाचायचा.

जानेवारीत दोह्यातल्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू आणि तिळगूळ होता. हॉलमध्ये पुरुषांच्या घोळक्यात सदानंद मध्यभागी, आणि सांगत होता तीच गोष्ट. मृणालिनी लांबून ऐकत होती. गोष्टीत द पर्लवरचं जेवण होतं, छप्पर होतं, उंची बरीच वाढली होती. शब्दाचा उलगडा मात्र, का कोण जाणे, सदानंदनेच केला होता.

"मी म्हटलं, थांबा, या शब्दाच्या मुळाशी गेलं पाहिजे," तो म्हणत होता. "लॅटिन शब्द आहे. डि-मांड. त्यात काय आहे? मन! म्हणजे डिमांड म्हणजे मनातलं दुसऱ्याला सांगणं."

"वा!" मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद नाना म्हणाले. "म्हणजे आपल्या संस्कृतातूनच गेलेला!"

मृणालिनीने ठरवलं होतं, आज सणाचा दिवस, काही बोलायचं नाही. पण शिक्षकाचा जीव, तो काय ऐकतो? तिळगुळाची वाटी हातात घेऊन ती घोळक्यात शिरली.

"मन नाही रे, हात. त्यात 'मानुस' आहे. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात. हातात देणे, त्यावरून सोपवणे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाटलं, पोचलं बहुतेक.

"माणूस म्हणजे हात!" नाना भारावून म्हणाले. "काय बोललीस, मृणालिनी! खरंच, माणूस म्हणजे तरी शेवटी काय, कष्ट करणारे दोन हात. टाळ्या द्या, मंडळी!"

टाळ्या पडल्या. सदानंदने सगळ्यांत जोरात वाजवल्या आणि चोहीकडे पाहून सांगितलं, "फ्रेंचमध्ये एम.ए. आहे ती."

मृणालिनीने तोंड उघडलं, लॅटिनमधल्या उच्चाराविषयी, णकाराविषयी आणि एकूणच बरंच काही सांगायला. समोर हसरे, तिळगूळ चघळणारे, पूर्ण समाधानी चेहरे होते. तिने तोंड मिटलं, नानांच्या तळहातावर एक लाडू ठेवला, आणि बायकांच्या घोळक्याकडे निघून गेली. तिथे निदान साड्यांविषयी बोलणं चाललं होतं.